डाल्टन यांचे डोळे : दोनशे वर्षं चाललेलं एक निदान

रुग्ण पुरुष, वय २८, व्यवसायाने शिक्षक. दूरचं पाहायला चष्मा लागतो, पण योग्य अंतरावरचं सगळं स्वच्छ दिसतं. प्रखर किंवा मंद उजेडाचा त्रास नाही, वाचून डोळे शिणत नाहीत. तक्रार म्हणावी अशी काही नाहीच. फक्त इतरांना जे रंग अगदी वेगळे दिसतात, त्यांतले काही त्याला सारखे दिसतात. आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने वयाची २६ वर्षं ओलांडली होती.

हा रुग्ण म्हणजे जॉन डाल्टन. अणुसिद्धांताच्या धड्यात भेटतात तेच. तो सिद्धांत मांडण्याच्या बऱ्याच आधी, ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी, मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांविषयी एक निबंध वाचला. १७९८ मध्ये तो छापला गेला. त्याआधीही अशा दृष्टीच्या नोंदी झाल्या होत्या. कंबरलंडमधल्या हॅरिस नावाच्या माणसाला झाडावरची लाल फळं पानांतून वेगळी काढता येत नाहीत, असं जोसेफ हडार्ट यांनी १७७७ मध्येच कळवलं होतं. पण स्वतःच्या नजरेची इतक्या बारकाईने तपासणी करून ती कागदावर मांडण्याचं काम डाल्टन यांनी केलं.

रंगांधळेपणाचे प्रकार समजावताना सहसा एक तक्ता दिला जातो: हा लाल न दिसणारा, हा हिरवा न दिसणारा, हा निळा न दिसणारा. तक्ता पाठ होतो, पण समज चुकीची होते. डाल्टन यांचं प्रकरण मला त्याहून कितीतरी उपयोगी वाटतं. इथे एकेक प्रकार तपासून बाजूला ठेवावा लागतो. शिवाय रुग्ण असामान्य निरीक्षक असूनही त्याचं स्वतःबद्दलचं निदान चुकतं, एका प्रतिभावान समकालीनाचंही चुकतं, आणि खरं उत्तर यायला १९९५ साल उजाडावं लागतं.

रुग्णाचं कथन

डाल्टन यांना लहानपणापासून वाटायचं की लोकांनी काही रंगांना नावं नीट दिलेली नाहीत. गुलाबी रंगाला कुणी 'लाल' म्हटलं की त्यांना ते खटकायचं. त्यांच्या दृष्टीने गुलाबी हा निळ्याचा जवळचा नातलग होता, लालशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे खूण समोर होती, पण त्यांनी तिचा अर्थ 'माझे डोळे वेगळे आहेत' असा न लावता 'लोकांचे शब्द सैल आहेत' असा लावला. जन्मजात रंगांधळेपणात हे नेहमीच घडतं. ज्याने कधीच वेगळं पाहिलेलं नाही, त्याला तुलनेसाठी दुसरी नजर आणायची कुठून? गवताला हिरवं म्हणतात आणि रक्ताला लाल, हे मूल ऐकून शिकतं आणि बरोबर म्हणतं. त्यामुळे आईवडिलांनाही वर्षानुवर्षं शंका येत नाही.

उलगडा झाला तो १७९२ च्या शरद ऋतूत, एका फुलामुळे. जिरेनियमचं ते फूल गुलाबी होतं. डाल्टन यांना ते दिवसा आकाशासारखं निळं दिसायचं. एकदा सहज मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं, तर त्यात निळ्याचा मागमूस नव्हता. ते चक्क लाल झालं होतं. त्यांनी मित्रांना बोलावून विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: फारसा फरक नाही. फक्त त्यांच्या भावाला तो बदल अगदी त्यांच्यासारखाच दिसला.

मग त्यांनी पद्धतशीर पडताळणी सुरू केली. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात इतरांना सहा-सात रंग दिसत, त्यांना मुख्यतः दोन दिसत, पिवळा आणि निळा. फार तर जांभळा तिसरा. नारिंगी, पिवळा आणि हिरवा या त्यांना एकाच पिवळ्याच्या गडद-फिक्या छटा वाटत. इतर ज्याला लाल म्हणतात तो पट्टा म्हणजे त्यांच्या लेखी जेमतेम एक सावली, प्रकाशाची उणीव. लॉरेलच्या पानाची वरची बाजू आणि पत्रावर मोहोर उठवायची लाल लाख त्यांना एकाच रंगाची दिसे. रक्त बाटलीच्या गडद हिरव्या काचेसारखं वाटे. किरमिजी कापड दिवसा मळकट निळं दिसे.

या यादीत एक मोलाची गोष्ट आहे. डाल्टन नुसती रंगांची नावं सांगून थांबत नाहीत, जोड्या सांगतात: लाख आणि पान, किरमिजी आणि निळा. 'तुला हा कोणता रंग दिसतो?' या प्रश्नाच्या उत्तरातून फारसं काही कळत नाही, कारण उत्तरातला शब्द शिकलेला असतो. 'कोणत्या दोन गोष्टी तुला सारख्या दिसतात?' या प्रश्नाचं उत्तर मात्र थेट डोळ्यातून येतं. आजच्या बहुतेक सगळ्या तपासण्या याच दुसऱ्या प्रश्नावर उभ्या आहेत.

फुलाने रंग का बदलला

इथे थोडं थांबायला हवं, कारण या एका फुलात रंगांधळेपणाची सगळी यंत्रणा दिसते.

दृष्टिपटलावर दिवसाच्या उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. सोयीसाठी त्यांना निळी, हिरवी आणि लाल शंकुपेशी म्हणतात. खरं तर हिरव्या आणि लाल पेशींच्या कक्षा एकमेकींवर फार मोठ्या प्रमाणात चढलेल्या आहेत, आणि 'लाल' पेशीचा सर्वोच्च प्रतिसाद पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर येतो. एकटी शंकुपेशी रंग ओळखू शकत नाही. आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा तिला किती परिणाम झाला, एवढंच ती कळवते. मेंदू तिघींची उत्तरं ताडून पाहतो आणि त्या तुलनेतून रंग तयार होतो.

हिरव्या आणि लाल पेशींपैकी एक प्रकार नसेल, तर एक तुलना कायमची जाते. उरते ती निळी विरुद्ध उरलेली, एवढीच. नकाशावरून अक्षांश पुसून फक्त रेखांश ठेवावेत तशी ही अवस्था आहे: उत्तर-दक्षिण कितीही दूर असलेली दोन गावं एकाच जागी असल्यासारखी दिसतात. मग सगळे रंग निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणाऱ्या एकाच रेषेवर येतात आणि त्या रेषेच्या मध्यावर एक रंगहीन, राखाडी बिंदू असतो.

गुलाबी फूल वर्णपटाच्या दोन्ही टोकांचा, म्हणजे लाल आणि निळ्या बाजूचा प्रकाश परावर्तित करतं. त्यामुळे त्या रेषेवर ते मध्याच्या आसपास पडतं. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, म्हणून फूल निळ्या बाजूला झुकतं. मेणबत्तीच्या ज्योतीत निळा प्रकाश अगदी कमी असतो, त्यामुळे तेच फूल मध्यबिंदू ओलांडून पलीकडे, पिवळ्या-लाल गटात जातं. तिन्ही पेशी शाबूत असलेल्यांनाही उजेड बदललेला जाणवतो, पण लाल-हिरव्याची तुलना फुलाला गुलाबी-लाल कुटुंबातच धरून ठेवते. डाल्टन आणि त्यांच्या भावाकडे ती तुलना नव्हती.

घरातली आणि वर्गातली नोंद

भावाचीही दृष्टी तशीच आहे हे कळल्यावर डाल्टन यांनी शोध वाढवला. आपल्यासारखी नजर असलेले सुमारे २० जण त्यांना माहीत झाले. २५ विद्यार्थ्यांच्या एका वर्गात असे २ निघाले, दुसऱ्या एका वर्गात १. या दोषाची एकही स्त्री आपल्या ऐकिवात नाही, हे त्यांनी मुद्दाम नोंदवलं. अशा माणसांचे आईवडील किंवा मुलं सहसा तशी नसतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

गुणसूत्र हा शब्दही अस्तित्वात नव्हता त्या काळातली ही निरीक्षणं आहेत आणि ती आजच्या माहितीशी नेमकी जुळतात, याचं मला फार कौतुक वाटतं. लाल आणि हिरव्या शंकुपेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एकच एक्स असतं, तेही आईकडून आलेलं. त्यात दोष असेल तर भरपाई करायला दुसरं नसतं. स्त्रीकडे दोन असतात, त्यामुळे एक सदोष असलं तरी तिला सहसा रंग नीट दिसतात, पण ती वाहक असते. म्हणून दोष आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे जातो आणि मधली पिढी कोरी दिसते. डाल्टन बंधूंच्या बाबतीत त्यांची आई वाहक असणार, हे उघड आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांधळेपणाचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत साधारण अर्धा टक्का. २५ मध्ये २ म्हणजेही ८ टक्केच. इतक्या लहान वर्गात हा आकडा तंतोतंत यावा हा योगायोग, पण दोष किती सर्रास आढळतो याचा अंदाज त्यांना बरोबर आला होता.

रुग्णाचं स्वतःचं निदान, आणि शवविच्छेदन

डाल्टन यांचा तर्क असा होता: आपल्या डोळ्याच्या पोकळीत भरलेला काचाभ द्रव निळसर असणार, आणि तो लाल प्रकाश शोषून घेत असणार. तर्क सुसंगत होता, आणि मुख्य म्हणजे तपासता येण्याजोगा होता. फक्त जिवंतपणी नाही. म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत अशी त्यांनी सूचना देऊन ठेवली.

२७ जुलै १८४४ रोजी ते वारले. दुसऱ्या दिवशी त्यांचे डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी तपासणी केली. एका डोळ्यातला द्रव त्यांनी घड्याळाच्या काचेत ओतून पाहिला. तो पूर्ण पारदर्शक होता, निळेपणा अजिबात नव्हता. भिंग थोडं पिवळसर होतं, पण त्या वयात ते तसं होतंच. दुसरा डोळा त्यांनी जवळजवळ अखंड ठेवला, मागच्या बाजूला छेद घेतला आणि त्यातूनच लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. रंगांत फरक पडला नाही. डाल्टन यांच्या डोळ्यातून पाहूनही रॅन्सम यांना त्यांचे रंग दिसले नाहीत. दोष प्रकाशाच्या वाटेत नव्हता, त्याच्या मागे होता.

हा अंदाज थॉमस यंग यांनी १८०७ मध्येच व्यक्त केला होता. डोळ्यात तीन प्रकारचे संवेदक असावेत हा त्यांचा सिद्धांत, आणि त्याला धरून डाल्टन यांच्या दृष्टिपटलात लाल ओळखणारे तंतू नसावेत किंवा निकामी असावेत, असं त्यांनी लिहिलं. वर्णपटातला लाल पट्टा 'जेमतेम सावली' दिसतो, हे डाल्टन यांचंच वाक्य त्याला पुरावा वाटावं असं होतं. पुढे जवळपास दोन शतकं डाल्टन हे 'लाल नसलेले' म्हणून ओळखले गेले.

कोणकोणते प्रकार बाजूला ठेवायचे

आजच्या नजरेने याच कथनाकडे पाहू. पहिला प्रश्न: दोष जन्मजात की नंतर आलेला? मधुमेह, काचबिंदू, दृष्टिचेतेचा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा) दाह, क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल हे औषध यांमुळे चांगली असलेली रंगदृष्टी बिघडू शकते. मेंदूच्या रंग हाताळणाऱ्या भागाला इजा झाली तर सगळं जग करडं होऊ शकतं. अशा अर्जित दोषात बहुधा दोन डोळ्यांत फरक असतो, काळानुसार बदल होतो, नजरही कमी झालेली असते आणि रुग्णाला स्वतःला 'आधी असं नव्हतं' हे ठाऊक असतं. डाल्टन यांच्याकडे यातलं काही नव्हतं. लहानपणापासून तेच, भावालाही तेच.

दुसरा: पूर्ण रंगांधत्व. यात शंकुपेशी काम करत नाहीत, माणूस दंडपेशींच्या, म्हणजे मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींच्या भरवशावर पाहतो. उजेड सहन होत नाही, डोळे थरथरतात, बारीक दिसत नाही. साधारण ३०,००० मध्ये एकाला हे असतं. पॅसिफिकमधल्या पिंगेलाप बेटावर मात्र हे प्रमाण काही टक्क्यांवर आहे. १७७५ च्या सुमाराच्या वादळातून तिथे अवघी काही माणसं वाचली आणि त्यांच्यातल्या एकाकडे ते जनुक होतं. डाल्टन यांना पिवळा आणि निळा ठळक दिसत होता आणि उजेडाचा त्रास नव्हता. हाही प्रकार बाद.

तिसरा: ट्रायटन प्रकार, निळ्या शंकुपेशींचा दोष. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याने तो स्त्री-पुरुषांत सारखाच आढळतो, आणि फार विरळ असतो. त्यात निळा-हिरवा आणि पिवळा-गुलाबी यांत गोंधळ होतो. डाल्टन यांच्या जगात निळा विरुद्ध पिवळा हाच सर्वांत पक्का भेद होता. बाद.

उरतं लाल-हिरव्याचं घर, आणि खरी अडचण इथेच आहे. लाल शंकुपेशी नसेल तर प्रोटॅनोपिया, हिरवी नसेल तर ड्यूटेरॅनोपिया. पेशी आहे पण तिचं रंगद्रव्य सरकलेलं असेल, तर अनुक्रमे प्रोटॅनोमली आणि ड्यूटेरॅनोमली. शेवटचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, युरोपीय पुरुषांत सुमारे ५ टक्के. बाकीचे तीन प्रत्येकी साधारण १ टक्का. तक्त्यातली समज नेमकी इथे फसते. लाल पेशी नाही म्हणून फक्त लाल दिसत नाही आणि हिरवी नाही म्हणून फक्त हिरवा दिसत नाही, असं होत नाही. दोघांचीही तीच एक तुलना गेलेली असते, त्यामुळे दोघेही लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांत गोंधळतात. मोठा फरक उजळपणात असतो: प्रोटॅन (लाल पेशीच्या दोषाच्या) प्रकारात लाल रंग काळपट पडतो, ड्यूटेरॅन (हिरव्या पेशीच्या दोषाच्या) प्रकारात तो जवळपास नेहमीइतका उजळ राहतो.

दोनशे वर्षांपूर्वीच्या कथनावरून हे ठरवणं अवघड होतं. 'सावली' हा शब्द प्रोटॅनकडे बोट दाखवतो. पण वर्णपटाचं ते टोक सगळ्यांनाच मंद दिसतं, आणि लाखेची कांडी पानाइतकीच उजळ दिसावी, हे प्रोटॅन प्रकाराशी नीट बसत नाही.

१९९५

डाल्टन यांच्या डोळ्यांचे सुकलेले अवशेष मँचेस्टरच्या त्या सोसायटीने जपून ठेवले होते. दीडशे वर्षांनी डेव्हिड हंट, जॉन मॉलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला सूक्ष्म नमुना घेऊन डीएनए वेगळा काढला. आधार होता जेरेमी नेथन्स यांच्या गटाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा, ज्यात शंकुपेशींची जनुकं पहिल्यांदा वाचली गेली. लाल आणि हिरव्या पेशींची जनुकं शेजारी-शेजारी असतात आणि जवळपास सारखी असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी जुळते, तेव्हा या सारखेपणामुळे जोडणी एका घराने सरकते. मग एखाद्या गुणसूत्रावर एक जनुक गळतं, किंवा दोघांचं मिश्रण तयार होतं. दोष इतका सर्रास का, याचं कारण ही शेजारच्या जनुकांची सरमिसळ.

डाल्टन यांच्या नमुन्यात लाल पेशीचं जनुक सापडलं. हिरव्या पेशीचं सापडलं नाही. निदान: ड्यूटेरॅनोपिया. ज्यांना 'लाल नसलेले' म्हटलं गेलं, त्यांची लाल शंकुपेशी शाबूत होती. संशोधकांनी त्यांचं जुनं कथनही या निदानाशी ताडून पाहिलं, आणि ते जुळलं.

आज ते तपासणीला आले असते तर

शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर डाल्टन काही मिनिटांत उघडे पडले असते. या तक्त्यांत आकडा आणि पार्श्वभूमी यांचे रंग दोष असलेल्याला सारखे दिसतील असेच निवडलेले असतात, आणि ठिपक्यांची उजळता मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असते, म्हणजे उजळपणावरून आकडा ओळखता येऊ नये. पण लाल-हिरवा दोष आहे की नाही, हेच हे तक्ते खात्रीने सांगतात. किती तीव्र आणि नेमका कोणता, यात ते कमी पडतात, आणि निळ्या पेशीचा दोष तर त्यांना सापडतच नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेल्या तक्त्यावर तर मी अजिबात विसंबणार नाही, कारण पडद्याचे रंग छापील तक्त्याच्या रंगांशी जुळतीलच असं नाही.

प्रकार ठरवण्यासाठी अ‍ॅनोमॅलोस्कोप लागतो. त्यात एका बाजूला शुद्ध पिवळा प्रकाश असतो, दुसऱ्या बाजूला लाल आणि हिरव्याचं मिश्रण, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत मिश्रण बदलायचं असतं. मूळ कल्पना लॉर्ड रेली यांची, १८८१ सालची. पत्नीच्या भावांनी लावलेलं मिश्रण आपल्यापेक्षा अगदी वेगळं येतं, हे त्यांना यातूनच कळलं. डाल्टन यांनी नुसता हिरवा आणि नुसता लालही पिवळ्याशी जुळवून दाखवला असता, आणि लाल जुळवताना पिवळा फारसा मंद करावा लागला नाही, यावरून प्रोटॅन नव्हे तर ड्यूटेरॅन, हे तिथेच कळलं असतं. त्यासाठी डीएनएची गरज पडली नसती.

उपचाराचं सांगायचं तर जन्मजात दोषावर आज रूढ उपचार नाही. विशिष्ट तरंगलांबी गाळणाऱ्या चष्म्यांनी काही रंगांतला भेद वाढल्यासारखा वाटतो, पण त्याच वेळी दुसरे काही भेद बदलतात, आणि नसलेली शंकुपेशी चष्म्याने येत नाही. २००९ मध्ये जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने जन्मापासून लाल-हिरवा भेद नसलेल्या प्रौढ खार-माकडांच्या दृष्टिपटलात माणसाचं लाल पेशीचं जनुक पोहोचवलं. काही महिन्यांत माकडं आधी न ओळखलेले रंग ओळखू लागली. त्यातल्या एकाचं नाव डाल्टन ठेवलं होतं. माणसांत या प्रकारासाठी हा उपचार अजून उपलब्ध नाही.

तोवर व्यवहारात करण्यासारखं आहे ते असं. आईच्या वडिलांना किंवा मामाला दोष असेल, तर मुलाची तपासणी शाळेत जाण्याच्या सुमारास करून घ्यावी. मुलाला रंगांची नावं विचारत बसू नये. वस्तू समोर ठेवून सारख्या रंगाच्या एकत्र कर म्हणावं, आणि कोणत्या जोड्या लावतो ते पाहावं. आलेख, नकाशे, तक्ते यांत रंगासोबत आकार किंवा अक्षरही द्यावं. आणि मोठेपणी, विशेषतः एकाच डोळ्यात, रंग फिके किंवा वेगळे दिसू लागले, तर तो हा जन्मजात दोष नाही. त्यासाठी लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावं.